परातीतले मोबाईल

त्या वर्षी आमच्या घरात आणि घराच्या आसपास कुणाचाही मोबाईल माझ्यापासून सुरक्षित नव्हता. पाहुणे आले की आई त्यांना पाणी द्यायची आणि मी त्यांचा मोबाईल मागायचे. "काकू, जरा तुमचा फोन बघू?" हे मी इतक्या सहज म्हणायचे की समोरच्याला नाही म्हणायला सुचायचंच नाही. मग जरा वेळाने त्या मोबाईलमधून "बेंऽ" असा आवाज यायचा, मी समाधानाने मान डोलवायचे आणि मोबाईल परत द्यायचे. पाहुणे आईकडे बघायचे. आई भिंतीकडे बघायची.

हे माझं काम आहे आणि त्याचा मला पगार मिळतो, ही गोष्ट आमच्या काळेवाडीत मला कुणालाही पटवून देता आली नाही. आम्ही पिठाच्या गिरणीच्या वर राहायचो. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या मांडणीतल्या वाट्या बारीक थरथरायच्या आणि ओट्यावर, टीव्हीवर, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावर पिठाचा हलका थर बसायचा. खालून ताज्या ज्वारीच्या पिठाचा वास आणि आमच्या स्वयंपाकघरातून लसूण घालून परतलेल्या मेथीचा वास, हे दोन्ही जिन्यात एकमेकांना भेटायचे. आई चिंचवडच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे तिचं सगळं काम तासांच्या हिशोबाने चालायचं. पोळ्या पहिल्या तासाला, भाजी दुसऱ्या. बाबा चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. गाड्यांचे सुटे भाग मशीनवरून उतरले की ते मापून बघायचे आणि बरोबर असेल तर पुढे पाठवायचे, नसेल तर लाल ट्रेमध्ये टाकायचे. ही सवय त्यांनी कंपनीत ठेवून घरी यायला हवं होतं, पण ती त्यांच्याबरोबर बसमध्ये बसून रोज घरी यायची. मंडईत ते एकेक वांगं देठापासून बुडापर्यंत फिरवून बघायचे. आईच्या पोळ्यांना ते कधी नाव ठेवत नसत, पण एखादी वाकडी पोळी ताटाच्या कडेला जरा वेगळी काढून ठेवायचे, आणि आईला ते नाव ठेवण्यापेक्षा जास्त लागायचं.

माझी नोकरी ताथवड्याला होती. आजूबाजूला इंजिनिअरिंग कॉलेजं, मुलांची होस्टेलं, मिसळीची दुकानं, आणि त्यात एका इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आमचं ऑफिस. बेडरूममध्ये आमचे मालक नचिकेत सर बसायचे, हॉलमध्ये बाकीचे आणि मी स्वयंपाकघरात. आम्ही मुलांसाठी प्रोग्रॅमिंग शिकायचं एक साधन केलं होतं. ते मोबाईलमध्ये उतरवून घ्यावं लागत नसे. नेटवर पत्ता टाकला की ब्राउझरमध्येच उघडायचं. एका बाजूला रंगीत ठोकळे असायचे. एखाद्यावर लिहिलेलं असायचं 'चाल', एखाद्यावर 'वळ', 'उडी मार', 'ओरड', 'पुन्हा कर'. मुलाने बोटाने ठोकळा धरून ओढत आणायचा आणि एकाखाली एक अडकवायचा. मग हिरवं बटण दाबलं की पडद्यावरची शेळी त्याच क्रमाने चालायची, वळायची, ओरडायची. इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरालाही प्रोग्रॅम लिहिता यावा ही त्यामागची कल्पना. मला ती तेव्हा फार आवडायची, आजही आवडते. शेळीच का, असं लोक विचारायचे. खरं तर चित्रकाराने घोडा काढून दिला होता, पण तो ज्याला दाखवू त्याला शेळीच वाटायचा, म्हणून शेवटी आम्हीच माघार घेतली.

हे साधन निरनिराळ्या मोबाईलवर, टॅबवर, कॉम्प्युटरवर नीट चालतं का, ते बघणं हे माझं काम. त्यासाठी ऑफिसात 'डिव्हाइस लॅब' आहे असं मला मुलाखतीत सांगितलं होतं. ती लॅब म्हणजे स्वयंपाकघरातला एक खण निघाला. त्यात दोन जुने मोबाईल, एक चार्जर आणि आधीच्या भाडेकरूचं लाटणं होतं. नचिकेत सरांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "मीनल, सगळं जग आपली लॅब आहे." ते असं बोलायचे. तेव्हा मला ते भव्य वाटायचं. आता वाटतं, ज्याच्याकडे लॅब असते तो माणूस असं बोलत नाही.

तर मी जगाकडे वळले. आमच्या गल्लीत अस्लमभाईंचं जुन्या मोबाईलचं दुकान होतं. तिथे विकायला ठेवलेल्या सगळ्या मोबाईलवर मी शेळी चालवून घेतली. शेवटी अस्लमभाईच गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "बघा साहेब, शेळी टेस्ट केलेला पीस आहे." शेजारच्या पाटणकर काकूंच्या नव्या टीव्हीतही ब्राउझर होता. तिथे मी रिमोटने 'चाल' आणि 'पुन्हा कर' जोडले आणि शेळी जी सुरू झाली ती थांबेचना. रिमोट ऐकेना, बटणं दाबून उपयोग होईना. काकूंची मालिका सुरू व्हायची वेळ झाली होती. शेवटी त्यांनी प्लग काढला आणि मला म्हणाल्या, "मीनल, तुझ्यावर राग नाही गं माझा, पण उद्यापासून दारातूनच बोल." बाबांनी हे ऐकलं. ते जेवताना आईला म्हणाले, "चार वर्षं इंजिनिअरिंग केलं पोरीने, आणि आता शेळ्या राखते." आई हसली, मीही हसले, पण बाबा हसले नव्हते.

अशात चाकणच्या बाजूच्या काही शाळांमध्ये आमचं साधन घ्यायचं चाललं होतं. तिथल्या एका कारखान्याने त्यासाठी मदत द्यायची तयारी दाखवली होती आणि आमच्या फ्लॅटमधल्या सगळ्यांचं पुढचं आयुष्य त्या एका होकारावर टांगलेलं होतं. पोरांच्या टॅबवर शेळी झकास चालत होती. आणि मग एका शाळेच्या मुख्याध्यापिका शिंदेबाईंचा फोन आला. "अहो, तुमचा ठोकळा पळतो. मी धरते एकीकडे, जातो दुसरीकडे. माझंच नाही, आमच्या पवार गुरुजींचंही तेच. शिक्षकांनाच जमलं नाही, तर मुलांना काय शिकवायचं आम्ही?"

आमचा प्रोग्रॅमर सागर लातूरकडचा. त्याने आपल्या मोबाईलवर ठोकळा ओढला आणि म्हणाला, "माझ्याकडं तर चालायलंय की." मी माझ्या मोबाईलवर करून बघितला, चालत होता. बाईंचा मोबाईल बघावा म्हटलं, तर शाळेला सुट्टी लागलेली आणि बाई कोकणात लेकीकडे. मी फोनवरून त्यांच्या मोबाईलचं मॉडेल विचारून घेतलं, अस्लमभाईंकडून अगदी तोच मोबाईल शोधून आणला, त्यात तोच ब्राउझर घातला. ठोकळा जिथे सोडावा तिथे बसत होता, गरीब गाईसारखा. सागर म्हणाला, "बाईच्या बोटाला तेलबिल असंल." मी खरंच बोटाला तेल लावून बघितलं. मग पीठ लावून बघितलं, ते तर घरातच होतं. ओल्या हाताने, हातमोजा घालून, डाव्या हाताने. ठोकळा पळाला नाही.

सोमवारी चाकणला बैठक ठरली होती. शिक्षक येणार, कारखान्याचे साहेब येणार आणि शिक्षकांनी हातात घेऊन बघायचं. नचिकेत सर आता भव्य बोलायचे बंद झाले होते आणि सागर गुपचूप नोकरीच्या जाहिराती बघायला लागला होता. घरी बाबांनी त्यांचे मित्र देशमुख काका यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्यांच्या कंपनीत स्टोअरमध्ये जागा होती. आलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचा. कॅन्टीन होतं, बस होती, पीएफ होता. "सोमवारपर्यंत तुझी शेळी नीट चालली तर माझं काही म्हणणं नाही," बाबा म्हणाले. "नाहीतर मंगळवारी देशमुखांकडे जायचं. मंजूर?" मी मंजूर म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मधला रविवार दत्तामामाच्या वास्तुशांतीचा होता. दत्तामामा म्हणजे आईचा भाऊ, चाकणच्या पुढे त्याचं गाव. थोडी शेती, सकाळी दूध घालायचं आणि मग कंपनीत शिफ्टला जायचं, असा त्याचा दिवस. त्याने गावाबाहेर नवं दोन मजली घर बांधलं होतं आणि त्याला बाहेरून असा गुलाबी रंग दिला होता की हायवेवरून आम्हाला पत्ता विचारावा लागला नाही. दारात मांडव, मांडवात स्पीकर, मागे पत्र्याच्या शेडमध्ये आचारी. मोठ्या कढईत जिलब्या पडत होत्या, मसालेभाताची वाफ वर पत्र्याला लागत होती आणि मठ्ठ्याच्या पिंपात कुणीतरी मूठ मूठ कोथिंबीर टाकत होतं. अख्खं गाव आलं होतं, दोन्हीकडचे पाहुणे आले होते. मी आल्यापासून त्या गर्दीकडे बघत होते आणि मला माणसं दिसतच नव्हती. खिशांत, पर्सांत, कमरेला, ब्लाउजमध्ये, मला नुसते मोबाईल दिसत होते. इतक्या जातीचे मोबाईल एका छपराखाली मला पुन्हा कुठे मिळणार होते?

मी भीत भीत मामाला सांगितलं. मामाने माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मोबाईलच पायजेत न्हवं? मग तोंड बारीक करून काय हिंडती? थांब." तो तडक भटजींपाशी गेला, त्यांच्यापुढचा माईक उचलला आणि फुंकला. "हॅलो, हॅलो. समद्या पाव्हण्यांना इनंती हाय. आमची भाची मीनल इंजिनेर झाल्याली हाय. तिला समद्यांचं मोबाईल तपासायचं हायती. तवा आपापला मोबाईल परातीत टाकावा आन् मगच जेवाया बसावं."

शेवटचं वाक्य त्याने स्वतःच्या मनाचं घातलं होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की मामीने कणकेची मोठी परात माझ्यापुढे ठेवेपर्यंत रांग लागली होती. कुणी म्हणालं, जुने मोबाईल घेऊन कंपनी नवे देणार आहे. कुणी म्हणालं, व्हायरस काढून देतात. एका आजोबांनी मोबाईल परातीत ठेवताना सांगितलं, "पोरी, आमच्या मळ्यात रेंज येत न्हाई, तेवढं बघ." एका बाईंनी मोबाईल दिला, पण लॉक उघडून द्यायला तयार होईनात. शेवटी पदर डोक्यावरून पुढे ओढून, आत मोबाईल नेऊन, त्यांनी तो उघडून दिला आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच खाली बघितलं.

कुणाचा मोबाईल कोणता हे कळावं म्हणून मामीने युक्ती काढली. तिच्याकडे टिकल्यांची पाकिटं होती, नाना रंगांची, नाना आकारांची. एक टिकली मोबाईलच्या पाठीला आणि तसलीच दुसरी मालकाच्या मनगटावर. थोड्याच वेळात मांडवात मिशाळ, दांडगे पाहुणे मनगटावर चंद्रकोर आणि मोराच्या टिकल्या लावून पंगतीत बसले होते. बाबांनी हे बघितलं आणि ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

मी परात घेऊन मागच्या पडवीत गेले आणि एकेक मोबाईल उघडायला लागले. पत्ता टाक, ठोकळे ओढ, हिरवं बटण. बेंऽ. पुढचा. बेंऽ. एकावर शेळी अडखळत चालली, एकावर मुकी निघाली, पण ठोकळे कुठेच पळाले नाहीत. अडचण वेगळीच झाली. पडवीच्या पलीकडे मामाच्या खऱ्या शेळ्या बांधलेल्या होत्या. माझी शेळी ओरडली की त्या कान टवकारायच्या, आणि मग त्यातली एक उत्तर द्यायला लागली. तिचं ऐकून दुसरी. मी मोबाईल गप्प केला तरी त्या गप्प होईनात. त्यांना कुणाचं तरी काहीतरी दुःख कळलं होतं. मांडवात एकीकडे पंगत आणि एकीकडे होम चालू होता. भटजींनी मंत्र थांबवून माईकवरूनच विचारलं, "यजमान, ती जनावरं जरा लांब बांधता येतील का?" आणि मामाचा आवाज स्पीकरवरून साऱ्या गावाला ऐकू गेला, "जनावरं न्हाईत वो ती, आमची भाची हाय."

त्यातच परातीतला एक मोबाईल वाजायला लागला. तो मामाचा चुलतभाऊ रमेश याचा होता. रमेश त्या वेळी पंगतीत जिलबी वाढत होता. मला शोधायला आलेले बाबा जवळ उभे होते, आणि वाजणारा फोन न उचलणं हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी उचलला. "हॅलो. नाही, मी त्यांचा पाहुणा बोलतोय. रमेशराव ना? ते वाढतायत." मग बाबांचा चेहरा बदलला. पलीकडे रमेशच्या कंपनीचा सुपरवायझर होता आणि रमेशने सकाळी ताप आल्याचं सांगून रजा टाकली होती. बाबा आयुष्यात कंपनीशी खोटं बोलले नव्हते, आपल्या नाही की दुसऱ्याच्या नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. "म्हणजे ताप," ते म्हणाले, "ताप वाढतोय त्यांचा." मागे स्पीकरवर मामा ओरडत होता, "जिलबी फिरवा रं, जिलबी फिरवा!" बाबा डोळे मिटून म्हणाले, "हो, दवाखान्यातच आहोत." आणि त्यांनी फोन असा परातीत ठेवला, जसा काही तो तापलेला तवा होता. मी हसू दाबून मान खाली घातली आणि पुढचा मोबाईल उचलला.

तो कुसुममावशीचा होता. कुसुममावशी आईची थोरली बहीण, दिघीला राहायची. तिच्या मोबाईलवर पान उघडलं आणि मला वाटलं, चुकून काही भलतंच दाबलं. अक्षरं ही एवढी मोठी. 'पुन्हा कर' हे दोन शब्द अर्धा पडदा व्यापून बसलेले. मी 'चाल' धरला आणि ओढला. माझं बोट खाली आलं, ठोकळा वर राहिला. बोट उजवीकडे, ठोकळा डावीकडे. मी सोडला तर तो भलतीकडेच जाऊन पडला. पळाला! मी अशी किंचाळले की आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला.

"काय झालं? मोडलास का गं?" मावशी पंगतीतून उठून उष्ट्या हाताने धावत आली.

"मावशी, तुझा ठोकळा पळतो!"

"अगं, मग नीट कर की! रडतेस कशाला?"

मी तिच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं लहान केली. ठोकळा जागच्या जागी बसला. मोठी केली, पळाला. शिंदेबाई, पवार गुरुजी, सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले, मोबाईल हात लांब करून धरलेले. मी मामाला गाठलं आणि पुन्हा माईकवरून आवाज गेला, "ज्यांना कमी दिसतंय आन् मोबाईलची अक्षरं मोठी केल्याली हायती, त्यांनी मागच्या पडवीत यावं." आले, काठ्या टेकत, एकमेकांना धरत. प्रत्येकाच्या मोबाईलवर ठोकळा पळाला आणि प्रत्येक वेळी मी टाळ्या वाजवल्या. ते बिचारे आपलं काहीतरी बरोबर आलं म्हणून खूश होऊन गेले.

सागरला फोन केला. तो ऐकून म्हणाला, "आयला. अक्षरं मोठी झाली की ठोकळे मोठे व्हायलेत, पण बोट कुठं हाय ते आपला प्रोग्रॅम लहान अक्षरांच्याच मापानं मोजायलाय. आपल्या हापिसात चष्मेवाला म्हातारा एक बी न्हाई ना, कळणार कसं?" आता या वयात माझ्या मोबाईलची अक्षरं त्या दिवशीच्या मावशीच्या अक्षरांहून मोठी आहेत, आणि कुठलीही नवी गोष्ट उघडताना ती करणाऱ्यांमध्ये एखादा तरी म्हातारा असावा अशी मी आशा करते.

मोबाईल परत देताना जे व्हायचं ते झालं. पंगत उठली होती, सगळ्यांनी हात धुतले होते आणि मनगटावरच्या टिकल्या मोरीत वाहून गेल्या होत्या. परातीत काळ्या कव्हरांचा ढीग, त्यातल्या निम्म्यांवर गणपती. माणसं परातीभोवती गोळा झाली, एक जण दुसऱ्याचा घेऊन निघाला, त्या पदरवाल्या बाई "माझा, माझा" करत कुणाचा तरी ओढायला लागल्या. मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात गर्दीतून बाबा पुढे आले. त्यांनी परात उचलली, ओट्यावर ठेवली, मामाकडून माईक घेतला आणि कंपनीतल्या आवाजात म्हणाले, "कुणीही हात लावायचा नाही. एक रांग करा." प्रत्येकाचा नंबर विचारून ते स्वतः फोन लावत होते, वाजेल तो उचलत होते, मालकाने लॉक उघडून दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. एकही मोबाईल चुकला नाही. रमेशला त्याचा देताना ते फक्त म्हणाले, "तापाची काळजी घ्या."

आई मामाकडे राहणार होती. बाबा आणि मी स्कूटरवरून परत निघालो. मोशीच्या पुढे ऊन उतरलं होतं, कंटेनरची रांग लागली होती. बाबांनी एका रसवंतीपाशी स्कूटर थांबवली. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालू होता. त्यांनी रसाचा एक घोट घेतला.

"मिनू, ते मोठ्या अक्षरांमुळे होतं, हे नक्की?"

"नक्की. मी सगळ्यांवर बघितलं."

"म्हणजे धरणाऱ्याची काही चूक नाही?"

"धरणाऱ्याची कसली चूक? आमचीच."

त्यांनी खिशातून आपला मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर आमचं पान उघडलेलं होतं. 'चाल' हा शब्द चमच्याएवढा दिसत होता. "बसमध्ये करतो रोज," ते म्हणाले. "तू काय करतेस ते कळावं म्हणून. ठोकळा उचलला की निसटतो. शाळेतल्या पोरांना जमतं म्हणतेस, आणि मला शेळीला एक पाऊल टाकायला लावता येत नाही. मला वाटलं, आता आपल्याला जमण्यातलं नाही हे."

बाबांचा मोबाईल मी कधी मागितला नव्हता. एक तर ते पहाटे तो घेऊन बसने जायचे, आणि दुसरं म्हणजे ज्यांनी 'शेळ्या राखते' म्हटलं त्यांच्याकडे शेळीसाठी मोबाईल मागायला जीभ रेटली नव्हती. मी अस्लमभाईंचं अख्खं दुकान पालथं घातलं होतं, आणि पळणारा ठोकळा रोज आमच्याच घरी जेवायला येत होता.

"अक्षरं एवढी कधी केलीत?" मी विचारलं.

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "कंपनीतल्या कुणाजवळ बोलू नकोस. मापाचे आकडे हल्ली हात लांब करून वाचावे लागतात. इन्स्पेक्शनच्या माणसाला दिसत नाही म्हटल्यावर काय करतील, सांगता येत नाही." माझे बाबा, वांग्याचं बारीक छिद्र धरणारे, आणि त्यांना भीती वाटत होती. मी म्हटलं, "चष्मा लावला की संपलं हो बाबा." ते म्हणाले, "तू म्हणशील तसं," आणि माझ्या ग्लासात आपला उरलेला रस ओतला. असं ते मी लहान असताना करायचे.

सागरने दुरुस्ती करून पाठवली, आणि सोमवारी मी चाकणच्या बैठकीत उभी राहिले. शिक्षकांनी मोबाईल हातभर लांब धरले, मोठमोठे ठोकळे ओढले आणि ते सांगितलेल्या जागी बसले. सगळ्या हॉलमध्ये शेळ्या ओरडायला लागल्या. कारखान्याचे साहेब दचकले, मग हसले, मग स्वतःच ठोकळे लावायला बसले आणि त्यांची शेळी इतका वेळ उड्या मारत राहिली की चहा निवला. काही शाळांपासून सुरुवात करू, असं ते म्हणाले. नचिकेत सर बाहेर आल्यावर पुन्हा जगाबद्दल बोलायला लागले, तेव्हा मला कळलं की आता काळजी नाही.

घरी आले तेव्हा बाबा फोनवर बोलत होते. "नाही देशमुख, ती येणार नाही. तुमचे आभार. नाही, नाही, तसं काही नाही. तिचं काम आहे तिकडे, महत्त्वाचं आहे." मला बघून ते जरा गोंधळले आणि उरलेलं बोलणं गॅलरीत जाऊन केलं.

चष्म्याचं त्यांनी आणखी थोडे दिवस लांबवलं. मग एकदा आपणच कंपनीतल्या डॉक्टरांकडे गेले. तिथे कुणी काही म्हटलं नाही. डॉक्टरांनी जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर काढून दिले आणि इन्स्पेक्शनची निम्मी माणसं आधीच चष्म्यावर आहेत असं सांगितलं. चष्मा आला त्या संध्याकाळी आम्ही तिघं घरात होतो. बाबांनी तो डोळ्यांवर चढवला, नाकावर नीट बसवला आणि सावकाश मान फिरवत सगळं घर बघितलं. छत बघितलं, खिडकीच्या गजांमागची जळमटं बघितली, पंख्याच्या पात्यांवर साचलेलं पीठ बघितलं. मग ओट्यापाशी जाऊन आईने नुकतीच केलेली पोळी उचलली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "हे असंच होतं का सगळं, इतके दिवस?"

आई लाटणं खाली न ठेवताच म्हणाली, "काढा तो चष्मा."